गुणपत्रिकेतला खड्डा आणि वकिलीची वाट

वकिलीला जाऊ इच्छिणाऱ्या मुला-मुलींच्या घरी फॉर्म भरण्याच्या दिवसांत एक प्रश्न हमखास निघतो. दहावीला ७८ टक्के, बारावीला ५२, मग दोन वर्षे काहीच नाही, नंतर बी.ए.; त्यातही दुसऱ्या वर्षी केटी. अशी गुणपत्रिका घेऊन लॉ कॉलेजच्या दारात जायचे कसे? घरातली मोठी माणसे म्हणतात, "कोण विचारतंय? गॅप दाखवूच नकोस." मुलगी म्हणते, "विचारलं तर काय सांगू?" आणि बऱ्याचदा फॉर्म भरलाच जात नाही.

म्हणून आधी हे पाहू, की खरोखर कोण आणि काय विचारते.

महाराष्ट्रात तीन वर्षांच्या एलएल.बी.चा प्रवेश राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षाच्या सीईटीवर होतो. पदवीला खुल्या प्रवर्गासाठी किमान ४५ टक्के, राज्यातील ओबीसी, भटके-विमुक्त व विशेष मागास प्रवर्गासाठी ४२ टक्के, अनुसूचित जाती-जमातींसाठी ४० टक्के गुण लागतात. मोमीन, बागवान, तांबोळी, अत्तार अशा अनेक मुस्लिम बिरादऱ्या राज्याच्या ओबीसी यादीत आहेत. जातीचा दाखला आणि नॉन-क्रीमीलेअर हातात असेल तर ४३ टक्केवाला मुलगाही पात्र ठरतो. ही किमान अट पार केली की पुढची गुणवत्ता यादी सीईटीच्या गुणांवर लागते. दुसऱ्या वर्षी केटी का लागली, हे तिथे कोणी विचारत नाही. ज्या भीतीने फॉर्म राहतो, ती भीती इथे बहुतांशी निराधार आहे.

दोन गोष्टी मात्र नीट तपासा. पहिली, मुक्त विद्यापीठाची पदवी. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या नियमांप्रमाणे बारावी करून मग मुक्त विद्यापीठातून घेतलेली पदवी चालते. पण बारावीसारखी मूळ पात्रता नसताना थेट मुक्त विद्यापीठातून पदवी घेतली असेल तर लॉचा प्रवेश मिळत नाही. लग्नानंतर घरी बसून पदवी घेतलेल्या आपल्या अनेक भगिनींना हा नियम आड येतो, तेव्हा फी भरण्याआधीच विचारून घ्या. दुसरी, नाव. निकाहनंतर नाव बदलले असेल तर विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्राची प्रत लागेल.

शिक्षणात खंड असेल तर कॉलेज गॅपचे प्रतिज्ञापत्र मागते: या काळात मी कुठेही शिकत नव्हते, कारण अमुक. नोटरीकडे बसलेला माणूस म्हणतो, "आजारपण लिहू या, सगळे तेच लिहितात." तसे लिहू नका. लग्न झाले होते तर लग्न लिहा. दुकानावर बसत होता तर दुकान लिहा. खोटे प्रतिज्ञापत्र हा गुन्हा आहे आणि तुम्ही ज्या पेशाकडे निघाला आहात, तिथे हीच गोष्ट सर्वांत महाग पडते. ॲडव्होकेट्स ॲक्ट, १९६१ च्या कलम २६ प्रमाणे महत्त्वाची बाब खोटी सांगून सनद मिळवली असेल तर नाव वकिलांच्या यादीतून काढता येते. दोन वर्षे घरी होते, या साध्या खऱ्या गोष्टीने प्रवेश अडत नाही. ती झाकायला खोटे लिहिले तर मात्र पुढे काय अडेल ते सांगता येत नाही.

आता जिथे खरोखर स्पष्टीकरण द्यावे लागते तिकडे वळू. काही खासगी विद्यापीठांच्या मुलाखती, शिष्यवृत्त्या, परदेशातले एलएल.एम. अशा ठिकाणी माणूस तुमची गुणपत्रिका वाचतो आणि त्या खड्ड्यावर त्याचे बोट थांबते. अमेरिकेतल्या लॉ स्कूलमध्ये यासाठी मुख्य निबंधाशिवाय एक छोटा वेगळा कागद जोडायची सोय असते. त्याला ते 'ॲडेंडम' म्हणतात. त्यामागचा विचार आपल्यालाही घेण्यासारखा आहे: गुण का घसरले ते वेगळ्या कागदावर चार ओळींत सांगा आणि मुख्य निबंध आपल्या ध्येयासाठी मोकळा ठेवा.

त्या चार ओळींत चार गोष्टी याव्यात: काय झाले, कधीपासून कधीपर्यंत, त्याचा कोणत्या गुणांवर परिणाम झाला, आणि नंतर काय केले. बहुतेक मुले असे लिहितात: "घरच्या अनेक अडचणींमुळे मला अभ्यासाला वेळ मिळाला नाही, तरी कृपया माझा सहानुभूतीने विचार व्हावा." वाचणाऱ्याला यातून काहीच कळत नाही. त्याऐवजी, उदाहरणादाखल:

"बी.ए.च्या दुसऱ्या वर्षी, जुलै २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात, आईच्या कॅन्सरच्या उपचारांसाठी मी तिच्यासोबत रुग्णालयात राहत होते. त्या वर्षी मला ४१ टक्के मिळाले व दोन विषय राहिले. ते पुढच्याच परीक्षेत सोडवले. तिसऱ्या वर्षी ६४ टक्के मिळाले. रुग्णालयाचे कागद सोबत जोडले आहेत."

यात दयेची याचना नाही, कोणाला दोषही नाही. शेवटच्या दोन ओळी सर्वांत मोलाच्या, कारण अडचण संपल्यावर तुम्ही उठून उभे राहिलात हे त्यांतून दिसते. पुढचे गुण सुधारले नसतील तर नोकरी, एखादा कोर्स, सीईटीचे गुण, जे खरे असेल ते दाखवा.

आणि कारणच नसेल तर? घरच्यांच्या आग्रहाने सायन्स घेतले, मन लागले नाही, गुण गेले, अशी मुले पुष्कळ आहेत. त्यांनी आजारी दादी शोधू नये. "विषयाची निवड चुकली, कला शाखेत आल्यावर गुण असे वाढले" एवढे पुरे. एखाद्या पेपरात दोन-चार गुण कमी पडले असतील तर काहीच लिहू नये.

खरे सांगणे म्हणजे घरातले सगळे उघडे करणे नव्हे. तलाक, मारहाण, भाऊबंदकीचा वाद यांचा तपशील देणे बंधनकारक नाही. "कौटुंबिक कारणाने या तारखेपासून या तारखेपर्यंत शिक्षण थांबले" हेही खरेच आहे. विचारले तर किती सांगायचे, ते मुलीने ठरवावे. भावाने किंवा सासऱ्यांनी नव्हे. कागदही तिनेच लिहावा, कारण मुलाखतीत उत्तर तिला द्यायचे असते.

खंड पडणे या पेशाला नवे नाही. बद्रुद्दीन तय्यबजी लंडनला मिडल टेंपलमध्ये शिकत असताना डोळ्यांच्या विकारामुळे १८६४ मध्ये त्यांना मुंबईला परतावे लागले. वर्षभराने ते पुन्हा गेले आणि १८६७ मध्ये मुंबईचे पहिले हिंदी बॅरिस्टर झाले. पुढे १८९७ मध्ये राजद्रोहाच्या खटल्यात लोकमान्य टिळकांना जामीन देणारे न्यायमूर्ती तेच.

तेव्हा फॉर्म निघण्याची वाट पाहू नका. या आठवड्यात सगळ्या गुणपत्रिका एका फाईलमध्ये वर्षवार लावा. जिथे खड्डा आहे तिथे एक कोरा कागद ठेवून त्या चार ओळी लिहा आणि त्या काळाचा जो पुरावा घरात असेल तो मागे लावा. आई-वडिलांनी एवढेच करावे: ती फाईल पाहताना जुन्या निकालावरून पुन्हा बोलू नये.