वणव्याची वर्दी कोणी द्यावी?

फाल्गुन लागून रानातील पाचोळा वाळला की गडचिरोली-चंद्रपूरच्या जंगलांत वणव्यांचे पर्व सुरू होते. आणि आपल्याकडील वणवा ही क्वचितच दैवी आपत्ती असते, तो बहुधा माणसाच्याच हातून लागतो, हे प्रथम मान्य केले पाहिजे. पहाटे गळणारी मोहफुले स्वच्छ भुईवर वेचता यावीत म्हणून झाडाखालचा पाला पेटविला जातो, तेंदूस जोमाने पालवी फुटावी म्हणून काही ठिकाणी रान जाळले जाते, सह्याद्रीच्या उतारांवर कोवळ्या चाऱ्याच्या आशेने वाळके गवत पेटविले जाते, आणि ती आग वेळीच विझविली नाही की वाऱ्यासरशी पसरून रोपे, बीज व भुईवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांची पिले यांचा संहार करते. तथापि मोहफुले वेचणारी बाई अरण्याची वैरीण नव्हे. ऐन उन्हाळ्यात तिची चूल त्या फुलांवर चालते. झाडाखाली अंथरावयास तिला जाळी मिळाली, तर काडी ओढण्याचे कारणच उरत नाही.

डेहराडूनच्या भारतीय वन सर्वेक्षण संस्थेने २००४ पासून उपग्रहांच्या साहाय्याने आगीची वर्दी देण्याची व्यवस्था उभारली, ती निःसंशय मोलाची आहे. परंतु उपग्रह ठरावीक वेळीच माथ्यावरून जातो, दाट छायेखालील पाचोळ्याची मंद आग त्याच्या दृष्टीस पडेलच असे नाही, आणि त्याचा संदेश वनरक्षकाच्या हाती पडेतो गावच्या गुराख्याने धूर केव्हाच पाहिलेला असतो. मग तो धावत का येत नाही? १९२७ च्या वन अधिनियमाचे कलम ७९ जंगलात हक्क वा सवलत भोगणाऱ्यास आग विझविण्यास बांधून घेते. पण वर्दी देणाऱ्यावरच संशय घेऊन त्याचा जबाब नोंदविला जाईल अशी धास्ती असेल, तर शहाणा मनुष्य मौनच पत्करील. हिमालयातील कुमाऊंत १९२१ साली राखीव जंगलांच्या जाचाने गांजलेल्या रयतेने ती जंगले पेटविली, आणि १९३१ मध्ये सरकारला गावकऱ्यांच्या हाती जंगलाची व्यवस्था देणाऱ्या वनपंचायतींची नियमावली करणे भाग पडले; हा इतिहास आमच्या अंमलदारांनी वाचावा.

२००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेस वनसंरक्षणाचा अधिकार दिला आहे, आणि गडचिरोलीतील लेखा-मेंढा या गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाले, तेव्हा मार्ग अपरिचित नाही. उणीव आहे ती तजविजीची. जाळरेषा काढण्याचे व हंगामी पहाऱ्याचे काम मजुरीसह ग्रामसभेकडे सोपवावे, आणि ती रक्कम मार्चअखेरीच्या हिशेबाची वाट न पाहता १५ फेब्रुवारीपूर्वी, म्हणजे आगीचा हंगाम सुरू होण्याआधी, तिच्या खात्यात जमा व्हावी.