दुसरी वाट कोणती?

दिवाळीचे दिवस आले, म्हणजे आम्हांस एका भाऊबिजेचें स्मरण झाल्यावांचून राहत नाहीं. ता. ६ नोव्हेंबर २०२१, शनिवार. नगर जिल्ह्यांत घरोघर ओवाळणीचीं ताटें सिद्ध होत असतां, सकाळीं अकराच्या सुमारास, आज अहिल्यानगर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या अहमदनगर शहराच्या जिल्हा रुग्णालयांत, अतिदक्षता विभागास आग लागली. तेथें कोरोनाचे १७ रुग्ण उपचार घेत होते. त्यांपैकीं निदान ११ जण प्राणांस मुकले. साथीशीं झुंजणारी ही माणसें, ज्या वास्तूच्या आश्रयास आलीं होतीं तेथेंच दगावलीं.

त्याच वर्षाच्या आरंभीं, ९ जानेवारीच्या रात्रीं, भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयांत १० नवजात बालकें अशाच आगीस बळी पडलीं होतीं. त्यानंतर राज्यांतील रुग्णालयांची अग्निसुरक्षेच्या दृष्टीनें तपासणी करण्याचे आदेश निघाले. परंतु आदेश निघणें निराळें आणि त्याप्रमाणें प्रत्यक्ष काम होणें निराळें. दहा महिने पुरते झाले नाहींत तोंच नगरचा हा प्रसंग ओढवला.

दोष कोणाचा, हें ठरविणें चौकशीचें व न्यायालयाचें काम. आम्हांस बोलावयाचें आहे तें आपल्या घरांतील माणसांशीं. रुग्णालय हें असें घर आहे कीं, तेथील कित्येकांस ‘आग! आग!’ ही हांक ऐकूनही उठून पळतां येत नाहीं. शिवाय अतिदक्षता विभागांत प्राणवायूचा सतत वापर असतो. प्राणवायु स्वतः जळत नाहीं; पण तो कोंडून राहिला, म्हणजे लहानशा ठिणगीनेंही पडदे, गाद्या व नळ्या भराभर पेट घेतात. खिडक्या बंद, यंत्रें अहोरात्र चाललेलीं. अशा ठिकाणीं ज्वाळा पोंचण्यापूर्वींच धूर माणसाचा जीव घेतो.

आपल्या घरांतील स्त्रियांस अग्नीची शिस्त कोणी शिकवावी लागत नाहीं. पदर खोंचल्याखेरीज त्या शेगडीपाशीं जात नाहींत, आणि निजण्यापूर्वीं गॅस बंद केला कीं नाहीं हें दोनदां पाहतात. परंतु घरांतलें कोणी आजारी पडलें, म्हणजे हींच दक्ष माणसें डॉक्टरांचें नांव विचारतात, खोलीचें भाडें विचारतात, डबा कोणी पोंचवावयाचा हेंही ठरवितात. मात्र ‘आग लागल्यास बाहेर पडण्याची दुसरी वाट कोणती?’ एवढें विचारीत नाहींत. कोणास संकोच वाटतो, तर कोणी वडील माणूस ‘अशुभ बोलूं नये’ म्हणून गप्प बसवितो. आमच्या मतें ह्या प्रश्नांत अशुभ कांहींच नाहीं. न विचारण्यांत मात्र आहे.

महाराष्ट्रांत याविषयीं २००६ चा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम आहे. इमारतींतील अग्निशमनाची साधनें चालू स्थितींत असल्याचें प्रमाणपत्र दर वर्षीं जानेवारी व जुलै अशा दोन वेळां देणें मालकावर किंवा भोगवटादारावर बंधनकारक आहे. तें शेवटचें केव्हां दिलें, हें नम्रपणें विचारावें. दुसऱ्या दारास कुलूप आहे काय, जिन्यांत मोडकें सामान रचलें आहे काय, हें स्वतः पाहावें. आपणही रुग्णाच्या उशाशीं दहा माणसांची गर्दी करूं नये, कीं तेथील विजेच्या जोडणीवर आपले फोन लावून ठेवूं नयेत. प्रसंग आलाच तर १०१ क्रमांकास कळवावें, लिफ्ट टाळावी, आणि धुरांत वांकून, जमिनीच्या जवळून चालावें.

एका कुटुंबानें विचारलें, तर रुग्णालयाचे लोक कदाचित् हंसतील. दहा कुटुंबांनीं विचारलें, तर ते कुलूप काढतील. नगरच्या त्या अकरा घरांत भाऊबीज आतां पूर्वींसारखी होणें नाहीं. यंदा आपल्या घरीं ताट उचलतांना त्या घरांची आठवण ठेवावी, आणि पुन्हां रुग्णालयाची पायरी चढण्याचा प्रसंग आला तर हा प्रश्न सर्वांआधीं विचारावा, एवढीच आमची वाचकांस विनंती आहे.