खरखरीचा पत्ता

बेस गिटार वाजवणाऱ्या माणसाला समाजात फारसा मान नाही, याबद्दल माझी तक्रार नाही. ऑर्केस्ट्रात गायकाला हार मिळतो, ढोलकीवाल्याला शिट्ट्या मिळतात. आमच्याकडे कार्यक्रम संपल्यावर एखादे आजोबा येतात आणि हळूच विचारतात, "बाकीच्या दोन तारा तुटल्या का हो?" हिला मुळातच चार असतात, असे मी सांगतो. आजोबा "अस्सं, अस्सं" म्हणतात. पण मंडळाने बिदागीत काटछाट केली म्हणून यांनी तारांत केली, हा संशय त्यांच्या चेहऱ्यावरून काही हटत नाही.

तेही सोडा. माझे भांडण आहे ते निदानाआधी औषध देणाऱ्या जमातीशी. बेसमधून जरा कुठे 'खर्र' झाले की पाच मिनिटांत चार वैद्य गोळा होतात. तबलजी म्हणतात, तारा बदला. की-बोर्डवाला म्हणतो, तारा उचलून घ्या. साउंडवाल्याच्या मते वायर गेलेली असते. त्याच्या मते जगातली सगळी दुःखे वायरीतून येतात. आणि दुकानदार तर बोलतच नाही. तो सरळ कानस काढतो. कुठली तार, कुठला पडदा, केव्हा होते, हे विचारण्याची कोणाला गरज वाटत नाही. पोट दुखते म्हणणाऱ्याला, कुठे दुखते हे न विचारता टेबलावर आडवा करण्यातला हा प्रकार आहे.

यात हसण्यासारखे काय आहे ते मला कळते, पण रडण्यासारखेही आहे. आमच्या सोसायटीतल्या एका तेरा वर्षांच्या मुलाच्या गिटारीच्या तारा अशाच कोणी 'उचलून' दिल्या. खरखर गेली, हे खरे. पण तार दाबताना पोराच्या बोटांना फोड आले, आणि दोन महिन्यांत गिटार माळ्यावर, मोडक्या कॅरमबोर्डाशेजारी. रोग बरा झाला, रोगी गेला. घासलेल्या पडद्याचे तर विचारूच नका. तार सैल करता येते, घट्ट करता येते. घासलेला धातू परत येत नाही.

वास्तविक खरखरीला पत्ता असतो, आणि तो शोधायला फुकटचे दोन कान पुरतात. पहिला प्रश्न असा की हात न लावताही आवाज येतो का? नुसती 'घूं' येत असेल तर ती तारेची नव्हे, विजेची. आपली घरगुती वीज सेकंदाला 50 फेरे मारते, आणि सर्वांत जाड तारेच्या तिसऱ्या पडद्यावरचा स्वर सेकंदाला 49 कंपनांचा. म्हणजे वीजमंडळ आपल्या जवळपास सुरातच असते! तारेवर हात ठेवला की घूं कमी होते का, ट्यूबलाइटपासून दूर सरकून अंगाची दिशा बदलली की बदलते का, एवढे पाहिले तरी तारा बदलण्याचे पैसे वाचतात.

दुसरा प्रश्न असा की गिटार वाजते आहे की घर? जाड तार मोकळी छेडली की सेकंदाला 41 कंपने होतात, आणि त्यांना घरातले काय काय साथ देईल याचा नेम नसतो. एकदा तबलजी 'तारा बदला' हा मंत्र जपत असताना आमच्या हिने स्वयंपाकघरात जाऊन एका पातेल्याच्या झाकणावर हात ठेवला. खरखर बंद! तबलजींनी तेवढ्यात पोहे संपवले होते, हीच काय ती त्यांची साथ.

मग येतात आपले हात, आणि या मुद्द्यावर वाजवणारे चिडतात. जाड तारेवर पाचवा पडदा दाबा. शेजारची तार कोणी न छेडता गुणगुणू लागते, कारण तो स्वर मूळचा तिचाच. सतारीत अशा तरफा मुद्दाम बसवतात. इथे त्यांना गप्प बसवावे लागते, रिकाम्या बोटांनी आणि अंगठ्याने. बोट सरकताना होणारी 'चुईं'ही तारेवरच्या गोल वेष्टनाची आणि आपल्या बोटाची मिळून. चपट्या वेष्टनाच्या तारा त्या मानाने मुकाट असतात. डेट्रॉइटच्या मोटाऊन कंपनीच्या गाण्यांतून 1960 च्या दशकात बेस वाजवणारा जेम्स जेमर्सन तसल्याच तारा वापरी, आणि तुटल्याशिवाय त्या बदलत नसे, अशी त्याची ख्याती आहे. आमच्या तबलजींची आणि त्याची गाठ पडली नाही, हे संगीताचे भाग्य.

एवढे करूनही झर्र राहिली, तर मग वाद्य. फक्त मोकळी तार झरझरते, दाबली की नाही, तर दोष मानेच्या टोकाच्या खाचेत. सुरुवातीच्या चार-पाच पडद्यांवर सगळीकडे झरझरते, तर बहुधा मान फार सरळ किंवा मागे कललेली. पहिला आणि शेवटचा पडदा एकदम दाबून सातव्या-आठव्याशी तारेखाली पाहावे. व्हिजिटिंग कार्ड जाईल इतपत फट हवी. नसेल तर मानेतली सळई पाव फेरा सैल करावी आणि एक दिवस थांबावे. लाकूड आहे ते, सरकारी कर्मचाऱ्याप्रमाणे हुकूम निघाल्यावर सावकाश हलते. पावसाळ्यात तर हुकमाशिवायही हलते. आणि एकाच जागी झरझरत असेल तर पुढचा पडदा उंच असतो. बँकेच्या जुन्या कार्डाची कड तीन पडद्यांवर ठेवावी; डुगडुगली की मधला गुन्हेगार. सर्वांत महत्त्वाचे, जी झर्र अँप्लिफायरमधून ऐकूच येत नाही, तिच्या वाटेला जाऊ नये.

"आम्हाला हे सगळं करावं लागत नाही. अनुभव आहे, लांबून ऐकून सांगतो," असे म्हणणारे भेटतात. लांबून ऐकून फक्त शेजाऱ्यांच्या भांडणाचे निदान होते. चार गोष्टी एकदम बदलल्या आणि आवाज गेला, तर कशाने गेला हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही, अनुभवी माणसाची तर बातच सोडा. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, आणि तीही परत फिरवता येईल अशी.

कानशीशी माझे वैर नाही. मिरजेला तंबोऱ्याची जवारी काढणारा कारागीर घासतोच की! तार घोडीला अलगद चाटून जाते, त्यातूनच तो झंकार निघतो. आम्ही जिला खरखर म्हणतो तिचीच ती गुणी बहीण. मिरजेच्या सतारींना नि तंबोऱ्यांना 2024 साली भौगोलिक मानांकनही मिळाले. पण त्या कारागिराला घासताना पाहा. छेडतो, ऐकतो, तारेखालचा दोरा केसभर सरकवतो, पुन्हा ऐकतो, मग कुठे एक हात फिरवतो. ऐकणे पंधरा आणे, घासणे एक आणा.

गेल्या दिवाळीनंतर मी एका दुकानात चिठ्ठीच घेऊन गेलो: जाड तार, सातवा पडदा, फक्त तिथेच, आठवा लाकडातून किंचित वर आला आहे, हलकेच ठोकून बसवणे. दुकानदाराने ती दोनदा वाचली, उलटून मागे काही आहे का पाहिले, आणि कानस काढली.

"वीसच्या वीस घासून देतो, काका."

"अहो, पण ठोकायचा आहे. तोही एकच."

"ठोकण्याचा दर नाही आमच्याकडे," तो म्हणाला. "घासण्याचा आहे."