नीरेचा नकार

पुण्याच्या प्रभात कंपनीचा १९३७ सालचा ‘कुंकू’ महाविद्यालयात दाखविण्यात आला, तेव्हा वाणिज्य शाखेची एक विद्यार्थिनी अंतर्मुख झाली. वृद्ध विधुराशी फसवून लावलेले लग्न व्ही. शांतारामांची नीरा मानीत नाही. तिच्या नकाराला पार्श्वसंगीताचाही आधार नाही. घरी आजीसोबत पाहिलेल्या अनेक मालिकांतील सून मात्र सारे मुकाट्याने सोसते आणि तेच संस्कार ठरतात.

पदवीपूर्वीच तिच्यासाठी स्थळे पाहणे सुरू झाले होते. तिचे मत कोणी विचारले नव्हते. सायंकाळच्या जेवणाला तिनेच विषय काढला : आधी पदवी, मग स्थळ. वडिलांनी होकार दिला नाही. पण रविवारी येणाऱ्या पाहुण्यांना थांबण्याचा निरोप धाडला.