बर्नार्डच्या ताऱ्याचे खरे आणि खोटे ग्रह

मार्च २०२५ मध्ये अमेरिकेतील खगोलशास्त्रज्ञांच्या एका गटाने बर्नार्डच्या ताऱ्याभोवती चार छोटे ग्रह फिरत असल्याचे जाहीर केले. सूर्यमालेबाहेरच्या ज्ञात ग्रहांची संख्या त्याच वर्षी ६००० च्या पुढे गेली. एवढ्या गर्दीत आणखी चौघांचे कौतुक कशाला, असे कुणी विचारील. माझ्या मते कौतुक ग्रहांपेक्षा त्यांच्यामागच्या साठ वर्षांच्या इतिहासाचे आहे. रोज नवनव्या शोधांच्या बातम्या वाचणाऱ्या आपणा सर्वांना त्यातून काही शिकण्यासारखे आहे.

हा तारा आपल्या शेजारचाच. अंतर सुमारे सहा प्रकाशवर्षे. मित्र या ताऱ्याची त्रयी सोडली तर सूर्याला याहून जवळचा तारा नाही. तरीही भुजंगधारी तारकासमूहातला हा लालसर खुजा तारा नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही, कारण त्याचे वस्तुमान सूर्याच्या जेमतेम सहाव्या हिश्शाएवढे आहे. १९१६ मध्ये अमेरिकी खगोलनिरीक्षक एडवर्ड बर्नार्ड यांच्या लक्षात आले, की हा तारा आकाशात भलताच वेगाने सरकतो आहे. सुमारे १७५ वर्षांत तो पूर्ण चंद्रबिंबाच्या रुंदीइतके अंतर कापतो. ताऱ्यांच्या दुनियेत ही धावपळच म्हणायची!

अशा हलक्या ताऱ्याभोवती ग्रह असेल, तर त्याच्या ओढीने तारा थोडासा डोलणार. पेनसिल्व्हेनियातील स्प्राऊल वेधशाळेच्या पीटर व्हॅन डी कॅम्प यांनी १९३८ पासून हा डोल शोधायला सुरुवात केली. दोन हजारांहून अधिक छायाचित्र-काचा तपासून १९६३ मध्ये त्यांनी जाहीर केले, की गुरूच्या दीडपट वजनाचा एक ग्रह २४ वर्षांत या ताऱ्याभोवती फेरी घालतो. सूर्याखेरीज दुसऱ्या ताऱ्याला ग्रह असल्याचा पुरावा मिळाला, असे पुष्कळांना वाटले.

१९७३ मध्ये हे सारे कोसळले. जॉर्ज गेटवूड आणि हाइनरिख आयकहॉर्न यांनी दुसऱ्या वेधशाळांच्या काचा तपासल्या. त्यांना डोल दिसेना. स्प्राऊलमधल्याच एका शास्त्रज्ञाने त्या दुर्बिणीचे जुने वेध पाहिले, तर दुसऱ्या एका ताऱ्यानेही त्याच सुमारास तशीच उडी मारलेली! दुर्बिणीच्या भिंगाची बैठक १९४९ मध्ये बदलली होती. हलला होता तो तारा नव्हे, भिंग. व्हॅन डी कॅम्प यांना हे अखेरपर्यंत पटले नाही. १९९५ मध्ये त्यांचे निधन झाले.

२०१८ मध्ये पुन्हा बातमी आली. पृथ्वीच्या किमान तिपटीहून जड असा ग्रह २३३ दिवसांत फेरी मारतो, असे एका आंतरराष्ट्रीय गटाने सांगितले. या वेळी उपकरणे उत्तम होती. गोंधळ घातला तो ताऱ्याने. हा तारा रूपविकारी आहे. त्याच्यावर डाग येतात, जातात, आणि स्वतःभोवती सुमारे १४५ दिवसांत फिरताना ते डाग त्याच्या प्रकाशात चढउतार करतात. १९९८ मध्ये तर त्याच्यावर एक जोरदार स्फोटही दिसला होता. २०२१ मध्ये दुसऱ्या शास्त्रज्ञांनी दाखवून दिले, की तो २३३ दिवसांचा ठोका ग्रहाचा नसून ताऱ्याच्या फिरण्याचाच भास असावा.

मग आताच्या चौघांवर विश्वास का ठेवायचा? कारण साधे आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये चिलीतील मोठ्या दुर्बिणीवरून स्पेनच्या शास्त्रज्ञांना ३.१५ दिवसांत फेरी घालणारा एक ग्रह दिसला, आणि आणखी तिघांचा संशय आला. हवाई बेटावरच्या दुर्बिणीतून, निराळ्या उपकरणाने, निराळ्या गटाने स्वतंत्रपणे वेध घेतले, तेव्हा चौघांचीही खात्री पटली. पहिल्या ग्रहाच्या ओढीने तारा सेकंदाला सुमारे ५५ सेंटिमीटर वेगाने पुढेमागे होतो. देवळाला सावकाश प्रदक्षिणा घालणाऱ्या आजीबाईंचा वेग साधारण एवढाच असतो, आणि तो सहा प्रकाशवर्षांवरून मोजायचा!

‘तिथे जीवसृष्टी असेल का?’ हा प्रश्न मला हमखास विचारला जातो. उत्तर निराशाजनक आहे. चारही ग्रह पृथ्वीहून लहान आहेत आणि ताऱ्याला इतके खेटून आहेत, की पाणी द्रवरूपात टिकणे कठीण.

एप्रिल २०२५ मध्ये भारतीय वंशाचे शास्त्रज्ञ निक्कू मधुसूदन यांच्या केंब्रिजमधील गटाने १२४ प्रकाशवर्षांवरच्या के२-१८बी या ग्रहावर जीवसृष्टीशी निगडित वायूच्या खुणा दिसल्याचे सांगितले. बातमी जगभर गाजली. इतर शास्त्रज्ञांनी त्यावर घेतलेल्या शंका मात्र तेवढ्या गाजल्या नाहीत. दावा पहिल्या पानावर आणि शंका आतल्या पानावर, ही आम्हा लिहिणाऱ्यांचीही खोड आहे.

त्यामुळे पुढच्या वेळी घरात मुलांनी अशी बातमी वाचून दाखवली, तर त्यांचा उत्साह मोडू नका. फक्त एवढे विचारा: हे दुसऱ्या कुणी, दुसऱ्या उपकरणाने पाहिले आहे का? बर्नार्डच्या ताऱ्याच्या बाबतीत या प्रश्नाचे ‘होय’ असे उत्तर मिळायला १९६३ पासून बासष्ट वर्षे लागली. तेवढा धीर शास्त्रज्ञांनी धरला. आपल्याला निदान चार-सहा महिने थांबायला हरकत नसावी.