एका नाण्यावर दोन राजे: ‘विजय’ म्हणण्यापूर्वी खालचा ठसा वाचा

१/ गेल्या वर्षी एका परिचिताने आजोबांच्या संग्रहातील चांदीच्या एका मोठ्या नाण्याचे छायाचित्र मला पाठविले. त्यावर इंग्लंडच्या तिसऱ्या जॉर्जचा मुखवटा होता. परंतु त्याच्या मागून दुसऱ्याच कुठल्या तरी लेखातील अक्षरे डोकावत होती. मी दोन मिनिटांत निकाल देऊन टाकला: ‘बनावट.’ ते नाणे त्यामुळे मोडीत निघता निघता वाचले. आजचा थ्रेड त्या घाईचे प्रायश्चित्त समजावा.

२/ ती वस्तू होती बँक ऑफ इंग्लंडचे १८०४ चे पाच शिलिंगांचे ‘डॉलर’ टोकन. हे राजाच्या टांकसाळीचे नियमित नाणे नव्हे. चलनटंचाईत बँकेने स्वतःच्या नावाने काढलेले. मागील बाजूस बसलेली ब्रिटानिया, बँकेचे नाव आणि वर्ष. मात्र ते कोऱ्या चकतीवर पाडलेले नव्हते. खाली होते स्पॅनिश अमेरिकेत पाडलेले आठ रियालचे नाणे.

३/ असे का करावे लागले? फ्रान्सशी चाललेल्या युद्धाच्या ताणामुळे फेब्रुवारी १७९७ मध्ये बँकेने नोटांच्या बदल्यात सोने देणे थांबविले. व्यवहारात चांदीची नाणी मिळेनात. बँकेच्या तिजोरीत मात्र स्पॅनिश डॉलर होते. मार्चमध्ये स्पॅनिश राजाच्या मानेवर जॉर्जच्या मुखवट्याचा छोटा लंबगोल शिक्का मारून ते ४ शिलिंग ९ पेन्सला चलनात आणले गेले.

४/ लंडनकरांनी लगेच थट्टा आरंभली: दोन राजांची डोकी, तरी किंमत एका ‘क्राउन’चीही नाही! क्राउन म्हणजे मुकुट आणि क्राउन म्हणजे पाच शिलिंगांचे नाणेही. पण खरा घोटाळा निराळाच होता. डॉलरमधील चांदी त्याच्या नव्या किमतीपेक्षा स्वस्त होती. ज्याच्याकडे डॉलर आणि एक बनावट ठसा, त्याचा धंदा जोरात. त्याच वर्षी ही नाणी परत घ्यावी लागली.

५/ १८०४ मध्ये मोठा अष्टकोनी शिक्का आला, त्याचीही नक्कल झाली. अखेर बर्मिंगहॅमजवळच्या सोहो टांकसाळीत मॅथ्यू बोल्टनने वाफेच्या यंत्रांखाली संपूर्ण नाणेच नव्याने ठसविले. म्हणजे हे पुनर्मुद्रांकन मुळात बनावटगिरीवरचाच उपाय होता. याच सोहोत १७९१ साली ईस्ट इंडिया कंपनीची मुंबई इलाख्यासाठीची, तराजूचे चिन्ह असलेली तांब्याची नाणी पाडली गेली होती.

६/ यंत्राचा दाब जबर असला तरी जुना ठसा पूर्णपणे पुसला जाईलच असे नाही. विशेषतः कडेजवळ जुन्या लेखातील अक्षरे, टांकसाळीची खूण, कधी वर्षाचे आकडे उरतात. ते सपाट व दबलेले दिसतात आणि नव्या ठशाची उठावरेषा त्यांना छेदून जाते. मी ज्याला ‘दोष’ समजलो, तो वास्तविक त्या नाण्याचा जन्मदाखला होता.

७/ तरीही केवळ जुनी अक्षरे दिसली म्हणून हुरळून जाऊ नये. साच्यात ओतलेल्या नकलेत ती अक्षरेही उतरतात. पण तेथे दोन्ही थर सारखेच बोथट असतात. याहून पक्की कसोटी अशी: प्रत्येक डॉलर ठशाखाली वेगळ्या कोनात ठेवला गेला. म्हणून दोन टोकनांवर जुनी अक्षरे तंतोतंत एकाच जागी आढळली, तर संशय धरलाच पाहिजे.

८/ त्यानंतर वजन: सुमारे २७ ग्रॅम. विशिष्ट गुरुत्व: १०.३ च्या आसपास. कडेवर ओतकामाचा सांधा आहे का, हे भिंगाखाली पाहावे. यांपैकी एकही गोष्ट मोबाईलवरील छायाचित्रातून कळत नाही. ‘खणखणीत नाणे’ हा शब्दप्रयोग ज्यांच्या भाषेत आहे, त्यांनी तरी नाणे हातात घेतल्यावाचून निकाल देऊ नये.

९/ आणि कृपया नाणे घासून चकचकीत करू नका. पुसट उरलेली अक्षरे पॉलिशने जी जातात ती कायमचीच. तो पुरावा पुन्हा उभा करता येत नाही.

१०/ आता माझा खरा आक्षेप. दोन राजांचे नाणे दिसले की आपण लगेच लिहितो: ‘एका राजाने दुसऱ्याचा चेहरा पुसला, हा विजयाचा पुरावा!’ आपल्या मनात जोगळटेंभी असते. १९०६ साली नाशिकजवळ सापडलेल्या त्या निधीत नहपानाची १३,००० हून अधिक चांदीची नाणी होती आणि त्यांतील ९,००० हून अधिक गौतमीपुत्र सातकर्णीने पुन्हा ठसविलेली होती.

११/ तेथे विजयाचा अर्थ योग्यच आहे. परंतु तो एकट्या नाण्यावरून सिद्ध होत नाही. नाशिकच्या लेण्यातील गौतमी बलश्रीचा लेख क्षहरातांच्या उच्छेदाची स्वतंत्र साक्ष देतो म्हणून तो भक्कम ठरतो.

१२/ जॉर्जच्या टोकनांची साक्ष उलट आहे. १७९७ मध्ये ब्रिटन व स्पेन यांच्यात युद्ध होते, हे खरे. पण त्या वेळी वापरलेला शिक्का चांदीच्या भांड्यांवर कर भरल्याची खूण म्हणून मारला जाणारा होता! आणि मे १८०४ मध्ये बोल्टनची टोकने चलनात आली तेव्हा उभय देशांत तह होता; स्पेनने युद्ध पुकारले ते त्या वर्षीच्या डिसेंबरात. येथे कोणी कोणाला जिंकले नव्हते. बँकेला सुटे पैसे हवे होते.

१३/ कृती एकच, अर्थ दोन. म्हणून माझे मत स्पष्ट आहे: नाणे खरे की खोटे हे त्याचा देह सांगतो, ते का ठसविले गेले, हे त्याच्याबाहेरचा पुरावा सांगतो. पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळाले म्हणजे दुसऱ्याचेही मिळाले, असे मानणे ही आपल्या पिढीची आवडती चूक आहे.

१४/ ते टोकन पुढे एका ज्येष्ठ अभ्यासकांनी हातात घेऊन तपासले व अस्सल ठरविले. त्या परिचिताची मी क्षमा मागितली. आता कोणी छायाचित्र पाठवून ‘खरे का?’ असे विचारले, तर माझे पहिले उत्तर ठरलेले असते: आधी वजन करा, आणि तोवर ते पुसू नका.