एकाची शिकवणी माफ, दहांवर दलाली

मकतब असो की शाळा, आपल्याकडे एका उस्तादासमोर दहा-वीस मुलं बसतात. गरिबाची शिकवणी अशीच चालते, कारण खर्च वाटला जातो. नेमकं हे वाटून घेणंच ॲपलच्या ॲप स्टोअरला महाग करायचं आहे.

नियम असा. ॲपवरून ठरवलेला शिक्षक घरी येऊन शिकवत असेल, तर त्याच्या फीतला एक पैसाही स्टोअरला जात नाही. पडद्यावर थेट एकाच विद्यार्थ्याला शिकवत असेल, तरी फी बाहेरच्या मार्गाने घेता येते. पण समोर दोन विद्यार्थी आले, की ॲपमधली फी स्टोअरच्याच पेमेंटमधून घ्यायची. त्यातले ३० टक्के कंपनीचे. वर्षाची कमाई १० लाख डॉलरच्या आत असलेल्यांनी सवलत मागितली, तर १५ टक्के.

आता हिशेब करा. ऐपतदार घरातल्या एका मुलाने ३,००० रुपये भरले, दलाली शून्य. दहा मुलांनी ३००-३०० रुपये जमवले, दलाली ९०० रुपये. सवलतीच्या दरानेही ४५०. शिक्षक तोच, धडा तोच, रक्कमही तीच. मग स्टोअरने जास्तीचं काम कोणतं केलं? फक्त डोकी मोजली!

कोणी म्हणेल, समूहवर्ग म्हणजे व्हिडिओसारखा डिजिटल माल. साफ चूक. ‘सर, समजलं नाही’ म्हटल्यावर व्हिडिओ पुन्हा समजावत नाही, शिक्षक समजावतो. कोरोनाकाळात प्रत्यक्षातले कार्यक्रम पडद्यावर आले, तेव्हा ॲपलनेच ऑनलाइन समूहकार्यक्रमांना काही काळ सूट दिली होती. म्हणजे नियम वाकतो. वाकवायची इच्छा हवी.

दुसरा म्हणेल, वर्ग दुसरीकडे घ्या, फी यूपीआयने मागा. तेच तर करतो आपण! पण हजेरी, वेळापत्रक आणि फी एकाच जागी सांभाळणारं ॲप कोणी बनवायला गेलं, तर त्याला एकट्या मुलाची महागडी शिकवणीच परवडेल. उर्दू-मराठी शाळांतल्या मुलांसाठी मग कोण बनवणार?

दलाली गैर नाही, पण ती केलेल्या कामाची हवी. प्ले स्टोअरवरच्या पेमेंटच्या सक्तीबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये गुगलला ९३६.४४ कोटी रुपयांचा दंड केला. अपिलात रक्कम घटली, पण या कंपन्यांना जाब विचारता येतो हे दिसलं.

आपलं मागणं छोटं आहे. थेट शिकवणी एकाची असो की दहांची, नियम एकच ठेवा. एका चटईवर बसून शिकणं हा गुन्हा नाही.